परभाषेच्या मुलखातील कामधंदा : दक्षिण कोकणच्या स्थलांतराचा एक भाषिक विचार

कुडाळहून सावंतवाडीकडे जाताना पिंगुळी हे गाव लागते. अभ्यासकांना ते ठाकर समाजाच्या चित्रकथीमुळे व कळसूत्री बाहुल्यांमुळे परिचित आहे. चित्रकथीच्या चित्रांच्या संचाला तेथे ‘पोथी’ म्हणतात. कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरतो आणि हुडुक, टाळ व वीणा यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान गातो. या कलेच्या जतनाबद्दल पिंगुळीचे श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली ‘पद्मश्री’ देऊन गौरविण्यात आले. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय चित्रकथी नव्हे. या गावात काही वर्षांपूर्वी चित्रकथीच्या शब्दसंग्रहाची टिपणे घेत असता जो एक प्रसंग घडला, त्यातून या लेखाचा प्रश्न निघाला, एवढाच संबंध.

टिपणे घेऊन उठण्याच्या बेतात असता शेजारच्या घरातील एक वृद्ध गृहस्थ हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. अकरा वर्षे आखातात बांधकामावर काढून ते परतले होते. पिशवीत त्यांचे जुने करारपत्र होते, एका बाजूस अरबी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी. “मास्तरानू, ह्या कागदार काय लिवलेला आसा, ता माका वाचून सांगशात?” असे त्यांनी विचारले. मी इंग्रजी बाजू वाचून दाखविली. नोकरी संपल्यावर द्यावयाच्या एका रकमेचे कलम त्यात होते. ते ऐकून गृहस्थ काही क्षण गप्प राहिले, आणि नंतर कागदाची घडी करीत “ह्या माका कोणीच सांगूक नाय” एवढेच म्हणाले. ती रक्कम त्यांना मिळाली नव्हती. कारण ती मागावयाची असते हेच त्यांना ठाऊक नव्हते. अकरा वर्षे ज्या कागदाच्या आधारावर ते जगले, तो कागद त्यांनी कधी वाचला नव्हता.

या गृहस्थांना काम मिळण्यास भाषेची अडचण पडली होती काय? नाही. काम करण्यास पडली होती काय? तीही फारशी नाही. मग भाषेच्या अज्ञानाची किंमत नेमकी कोठे द्यावी लागली? दक्षिण कोकणातून बाहेर पडलेल्या श्रमिकांच्या गेल्या सुमारे दोन शतकांच्या इतिहासाकडे हा प्रश्न घेऊन पाहावे, असा येथे प्रयत्न आहे.

सामान्यतः असे म्हटले जाते की, कष्टाच्या कामाला भाषा लागत नाही. हात असले की पुरे. याच्या उलट दुसरे मत असे की, परमुलखात भाषा न येणारा मनुष्य मुका होय, त्याला काही करता येत नाही. ही दोन्ही मते अर्धसत्य आहेत, आणि त्यांचे मूळ एकाच गैरसमजात आहे. दोन्ही मते ‘भाषा येणे’ ही एकच अखंड गोष्ट मानतात. वस्तुतः श्रमिकाचा परभाषेशी येणारा संबंध किमान तीन थरांवर असतो. पहिला थर कामाच्या भाषेचा : ओढ, उचल, थांब, सोड. हा थर लहान असून काही आठवड्यांत आत्मसात होतो. दुसरा थर सोबतीच्या भाषेचा : बाजार, शेजार, भांडण, थट्टा. याला वर्षे लागतात. पण माणसांत राहणाऱ्याला तो बहुधा साधतो. तिसरा थर लेखाच्या भाषेचा : करार, हजेरीपट, न्यायालयातील जबानी, नावाची नोंद. हा थर जन्मभरातही हाती येईलच असे नाही. पहिल्या थरावर काम मिळते. कामाचा मोबदला मात्र तिसऱ्या थरावर ठरतो. या दोहोंमधील अंतरात जो मध्यस्थ उभा राहतो, त्याचा विचार केल्यावाचून हा इतिहास उलगडत नाही.

प्रथम निघणाऱ्या माणसाची भाषिक शिदोरी पाहू. पिंगुळी व कुडाळचा परिसर १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात होता. विलीनीकरणानंतर तो रत्नागिरी जिल्ह्यात आला व १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्ह्यात. येथील माणूस घरी मालवणी बोलतो. शाळेत, पोथीत व कचेरीत त्याला प्रमाण मराठी भेटते. बांदा ओलांडले की गोव्याची कोंकणी. आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्याच्या कचेरीत पोर्तुगीज. मुंबईस गेल्यास बाजारी हिंदुस्थानी. म्हणजे ‘एकच भाषा येणारा खेडूत’ हे चित्र या भागापुरते तरी खरे नाही. ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ म्हणणारा माणूस मुंबईत ‘मला’, ‘तुला’, ‘कोठे’ असे बोलावयास शिकतो, तेव्हा त्याने एक प्रकारे पहिले भाषांतर केलेलेच असते. १९११ च्या जनगणनेत मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांची संख्या दोन लाखांहून अधिक होती. त्यांच्या दृष्टीने मुंबई ही परभाषेच्या मुलखाची पहिली पायरी होती. गिरणीत भरती जॉबर करी. खोली गाववाल्यांची असे. गोव्याकडील लोकांनी धोबीतलावच्या आसपास गावनिहाय ‘कूड’ चालविले, त्यांचाही हेतू हाच. नव्या माणसाला शहराची भाषा येईपर्यंत गावाची भाषा बोलणारे छप्पर मिळावे, ही व्यवस्था शहाणपणाची होती.

मुंबईच्या पुढची पायरी म्हणजे समुद्र. कोकणच्या किनाऱ्यावरील खलाशी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर एकोणिसाव्या शतकात मोठ्या संख्येने काम करू लागले. इंग्रजी दप्तरांत त्यांचा उल्लेख ‘लास्कर’ असा येतो; फारसी ‘लष्कर’ शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून फिरून हे रूप पावला. जहाजाच्या डेकवर रत्नागिरी व गुजरातच्या किनाऱ्यावरील माणसे, भट्टीपाशी पंजाब-सरहद्दीकडील व सिल्हेटची माणसे, मुदपाकखान्यात व जेवणघरात गोव्याची माणसे, अशी स्थूल विभागणी पुढे रूढ झाली. यांपैकी कोणाचीही मातृभाषा दुसऱ्याची नव्हती, आणि वरच्या अधिकाऱ्याची तर कोणाचीच नव्हती. तरीही जहाज चाले. ते ज्या बोलीच्या आधारे चाले, तिला ‘लष्करी’ म्हणत.

या बोलीकडे भाषाशास्त्रज्ञांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. टॉमस रोबक याने तिचा इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश १८११ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केला; पुढे जॉर्ज स्मॉल याने तो सुधारून १८८२ मध्ये ‘लष्करी कोश’ म्हणून पुन्हा काढला. त्यातील शब्दांची घडण बोधप्रद आहे. पुढच्या डोलकाठीला ‘त्रिकट’ म्हणत, तो पोर्तुगीज ‘त्रिंकेत’. वरच्या शिडाला ‘गावी’, तो पोर्तुगीज ‘गाव्हिया’. त्याहून वरच्याला ‘सबर’, तो पोर्तुगीज ‘सोब्रे’. डोलकाठीचा ‘डोल’ मात्र आपलाच. जहाजाची उजवी बाजू ‘जमणा’, हा शब्द गुजराती, डावी ‘डावा’. पुढची बाजू ‘अगिल’, मागची ‘पिछिल’. टोळीचा म्होरक्या ‘सारंग’, हा फारसी ‘सरहंग’पासून आलेला, त्याच्या हाताखालचा ‘तांडेल’. शब्द पोर्तुगीज, फारसी, गुजराती, सांगाडा हिंदुस्थानीचा, आणि बोलणारा मालवण-वेंगुर्ल्याचा. मालवणच्या मुलाला परमुलखात जाऊन इंग्रजी येणे आवश्यक नव्हते. लष्करी येणे आवश्यक होते, आणि ती जहाजावरच शिकता येत असे.

परंतु रोबकचा कोश कोणासाठी होता, हे विसरून चालणार नाही. तो खलाशासाठी नव्हता. युरोपीय अधिकाऱ्याला हुकूम देता यावेत, यासाठी तो रचलेला होता. ही बोली वरून खाली वाहणारी होती. ‘शीड उतरव’ हे तीत सहज सांगता येई; ‘माझा पगार का कापला?’ हे विचारण्यासाठी खलाशाला सारंगाकडेच जावे लागे. भरतीही सारंगाच्याच हाती. तोच गावातून माणसे आणी, तोच त्यांना उचल देई, तोच साहेबाशी बोले. नोकरीच्या नोंदीचे पुस्तक, ज्याला खलाशी ‘नळी’ म्हणत, ते हाती असल्यावाचून जहाज मिळत नसे. आणि नळी असूनही सारंगाची वा दलालाची मर्जी नसल्यास मिळत नसे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात खलाशांच्या भरतीतील लाचलुचपतीची दखल घेतली आहे. युरोपीय खलाशाच्या मानाने लास्कराचे वेतन कितीतरी कमी असे, याला वंशभेद व साम्राज्याचे अर्थकारण ही कारणे होतीच. परंतु ज्याला वाटाघाटीची भाषाच येत नाही असा कामगार स्वस्त पडतो, हेही त्यांपैकी एक कारण होते.

किनाऱ्यावर उतरलेल्या खलाशाची स्थिती याहून बिकट असे. जहाज सुटले अथवा आजार जडला, तर सारंगही नाही आणि लष्करीही नाही. लंडनच्या लाइमहाउस भागात १८५७ मध्ये आशियाई, आफ्रिकी व दक्षिण समुद्रातील बेटांवरील नाविकांसाठी एक निवासगृह उघडण्यात आले. तेथे काम करणाऱ्या जोसेफ सॉल्टर या मिशनऱ्याने १८७३ मध्ये ‘इंग्लंडातील आशियाई’ या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक लिहिले. सॉल्टरचा हेतू धर्मप्रसाराचा होता. परंतु त्याने नाविकांच्या भाषा शिकून घेतल्या, म्हणून त्याला ती माणसे दिसली. आपल्या विषयाच्या दृष्टीने एवढे लक्षात घेतले पाहिजे की, परमुलखात निराधार माणूस आधी भाषा जाणणाऱ्याच्या हाती लागतो. तो हात मदतीचा आहे की पकडीचा, हे मागाहून ठरते.

आता मॉरिशसकडे वळू. दक्षिण कोकणच्या दृष्टीने हे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे आहे. कारण तेथे गेलेली माणसे परतण्याच्या बेताने गेली आणि त्यांतील पुष्कळशी तेथेच राहिली.

१८१० मध्ये इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून जिंकले. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथे कायद्याने संपली. आणि उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाज कलकत्त्याहून छत्तीस करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुईस बंदरी पोहोचले. तेव्हापासून १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर या बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेल्यांचे प्रमाण शेकडा सहा-सातच्या आसपास होते. मराठी बोलणारे मजूर यांतले. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतून ते निघाले होते. आरंभीच्या करारात पुरुषाला महिना पाच रुपये, शिधा व पाच वर्षांची मुदत असे.

सरकारला भाषेच्या प्रश्नाची कल्पना नव्हती असे नाही. १८३७ च्या पाचव्या कायद्यानेच असा दंडक घातला की, निघण्यापूर्वी मजुराने अधिकाऱ्यापुढे हजर व्हावे व कराराच्या अटी त्याला समजल्याची खात्री करून घेतली जावी. गैरप्रकारांच्या तक्रारींमुळे १८३९ मध्ये ही वाहतूक थांबविली गेली व १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली, तेव्हाही समजावून सांगण्याचे कलम होतेच. परंतु ‘सांगितले’ व ‘समजले’ यांत जे अंतर आहे, ते कोणत्याही कायद्याला भरून काढता आलेले नाही. अधिकारी विचारतो, दुभाषी हिंदुस्थानीत सांगतो, मालवणी माणूस मान हलवितो. मान हलविणे म्हणजे समजणे नव्हे. आपल्याकडे ते पुष्कळदा केवळ आदराचे चिन्ह असते. दप्तरात मात्र त्याची नोंद संमती म्हणून होते.

बेटावर उतरल्यावर त्याला भेटे तो ‘सरदार’. हा मुकादम बहुधा त्याच्याच देशातला, आधी येऊन क्रिओल शिकलेला. मळ्याचा मालक फ्रेंच बोले, सरकारी कारभार इंग्रजीत चाले, मळ्यावर सर्वांची म्हणून फ्रेंचवर आधारलेली क्रिओल, आणि हिंदी मजुरांत संख्येने अधिक असलेल्यांची भोजपुरी. चार भाषांच्या या उतरंडीत मराठी कोठेच नव्हती. मराठी मजुराला क्रिओल शिकावी लागली. भोजपुरीही शिकावी लागली.

क्रिओल शिकणे कितपत कठीण होते? व्याकरणाच्या दृष्टीने पाहता, नव्हते. मालवणीत ‘तो गेलो, ती गेली, ता गेला’ असे लिंगानुसार क्रियापद बदलते. ‘जातंय’, ‘जातस’ असे पुरुषानुसारही बदलते. क्रिओलमध्ये क्रियापद अचल राहते व त्यापूर्वी लहानसा शब्द येतो. ‘मो ती त्रावाय’ म्हणजे मी काम केले. ‘मो पे त्रावाय’ म्हणजे मी काम करीत आहे. ‘मो पू त्रावाय’ म्हणजे मी काम करीन. तांब्याभर पाणी हवे तर ‘दिलो’. हा फ्रेंच ‘द लो’चा, म्हणजे विभक्तिदर्शक शब्दासह गोठलेल्या नामाचा, अपभ्रंश. भातासाठी ‘दिरी’, घरासाठी ‘लाकाझ’, दुखणाइतासाठी ‘मालाद’, मळ्यासाठी ‘ताब्लिस्मां’. या शब्दांची घडण पाहिली की हे ध्यानात येते : ज्यांनी फ्रेंच केवळ कानांनी ऐकली, लिहिलेली कधी पाहिली नाही, त्यांनी ती अशी घडविली. क्रिओल आधीच्या आफ्रिकी व मालागासी गुलामांनी घडविली होती. हिंदी मजुराला ती तयार मिळाली. ज्यांनी न शिकविता भाषा शिकली अशा लोकांची ती भाषा असल्यामुळे पुढच्या न शिकलेल्याला ती सोपी गेली.

म्हणजे पहिला थर साधला, दुसराही साधला. तिसऱ्याचे काय? मळ्यावर ‘दुहेरी कपात’ नावाची पद्धत होती : एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापावयाचे. हजेरीपट फ्रेंच वा इंग्रजीत. भरणारा कारकून मळ्याचा. मजुराची हजेरी तोंडी सांगणारा सरदार. आपण चोवीस दिवस काम केले हे मजुराला ठाऊक असे. पटावर अठरा आहेत हे त्याला वेतनाच्या दिवशी कळे. दाद मागावयाची तर दंडाधिकाऱ्यापुढे, दुभाष्यामार्फत. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्रासह परवाना जवळ बाळगणे सक्तीचे केले. तो परवाना काय म्हणतो हे वाचता न येणारा माणूस तो विसरल्याबद्दल कैदेत जाऊ शकत असे.

तथापि ही माणसे निव्वळ मुकी होती असे समजणे अन्यायाचे होईल. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्स या मळेवाल्याच्या साह्याने जुन्या हिंदी मजुरांनी गव्हर्नरास जो अर्ज केला, त्यावर नऊ हजारांहून अधिक जणांच्या सह्या व निशाण्या होत्या. या अर्जाचा परिणाम म्हणून १८७२ मध्ये राजकीय चौकशी आयोग आला. त्याच्या दोन सदस्यांपैकी डब्ल्यू. ई. फ्रिअर हे मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतील निवृत्त अधिकारी होते. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने मजुरांच्या तक्रारी पुष्कळ अंशी खऱ्या ठरविल्या आणि १८७८ मध्ये नवा कामगार कायदा झाला. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे : अन्याय चाळीस वर्षांचा होता, तो लेखाच्या भाषेत उतरला तेव्हा हलला. अर्ज लिहिणारा परभाषी होता. १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तेथे गेले व १९०९ मध्ये त्यांनी ‘हिंदुस्थानी’ हे पत्र काढले, तेव्हा हिंदी मजुरांच्या बाजूने लेखाची भाषा जाणणारा त्यांच्यातला माणूस प्रथमच ठामपणे उभा राहिला.

मॉरिशसच्या दप्तरात आणखी एक हानी दिसते. ती पैशाची नसल्यामुळे तिची चर्चा कमी होते. ती म्हणजे नावांची. कारकुनाने कानावर पडले तसे नाव रोमन लिपीत, इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाने लिहिले. आपल्याकडील माणूस स्वतःचे नाव, बापाचे नाव व गाव सांगे. आडनाव सांगण्याची चाल सर्वत्र नव्हती. परिणामी पहिल्या पूर्वजाचे व्यक्तिनाम हेच पुढे कुळाचे नाव झाले. आज मॉरिशसमधील कित्येक मराठी कुटुंबांचे आडनाव म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कोण्या कारकुनाने ऐकलेला एक पुकारा आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत, जी १९७० मध्ये स्थापन झाली, ही प्रवेशदप्तरे जतन केलेली आहेत. तेथे वंशज आपले गाव शोधावयास येतात. गावाचे नाव रोमन अक्षरांत असे काही लिहिलेले असते की, ते कुडाळ की कुडावळे हे ओळखण्यास कोकणची बोली जाणणारा माणूस लागतो. हे काम इतिहासकाराचे जितके, तितकेच भाषाशास्त्रज्ञाचे आहे, आणि आपल्या विभागांनी ते अद्याप पुरेशा गांभीर्याने हाती घेतलेले नाही.

मराठीचे तेथे काय झाले? १९८३ च्या तेथील जनगणनेत ‘पूर्वजांची भाषा’ व ‘नित्य बोलण्याची भाषा’ असे दोन वेगळे प्रश्न होते, यातच उत्तर आहे. नित्याच्या व्यवहारातून मराठी बरीचशी गेली. घरात क्रिओल आली. परंतु गणेशचतुर्थी राहिली, व ती तेथे सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. कोकणातील जाखडी नाच तेथे ‘झाकरी’ नावाने राहिला. बोलणे सुटले तरी गाणे व पूजन सुटले नाही. याउलट क्रिओलनेही या परक्यांना आपल्या शब्दांत बसवून घेतले. त्या भाषेत ‘लास्कार’ म्हणजे मुसलमान व ‘मालबार’ म्हणजे उत्तर हिंदुस्थानी वंशाचा हिंदू. खलाशाचे नाव एका धर्माला मिळाले आणि दक्षिणेकडील एका किनाऱ्याचे नाव उत्तरेकडच्या लोकांना. भाषा न येणाऱ्या माणसाला आपले नाव काय पडावे हेदेखील ठरविता येत नाही, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच प्रवास आखाताकडे वळला. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत बांधकामे सुरू झाली, आणि कोकणच्या अनेक गावांतून माणसे तिकडे गेली. येथे सारंग व सरदार यांच्या जागी भरती करणारा ‘एजंट’ आला. कामाच्या जागी अरबी फार थोडी लागते. मुकादम हिंदी-उर्दू बोलतो, सोबती मल्याळी, बंगाली, पाकिस्तानी. तेथेही हिंदी, उर्दू, अरबी व इंग्रजी यांची एक कामचलाऊ सरमिसळ झालेली आहे. लष्करीची ही नात म्हणावयास हरकत नाही. १९८३ च्या स्थलांतर कायद्याने भारत सरकारने जी व्यवस्था केली, तीत दहावी उत्तीर्ण न झालेल्या माणसास ठराविक देशांत कामास जाण्यापूर्वी सरकारी अनुमती घ्यावी लागते. या नियमामागील तर्क असा की, जो लिहिलेले वाचू शकत नाही त्याला संरक्षण हवे. तर्क योग्य आहे. परंतु मराठी माध्यमातून दहावी झालेल्याला अरबी-इंग्रजी करार वाचता येईल, हे यात गृहीत धरलेले आहे. साक्षरता ही सर्व भाषांत सारखी चालणारी मुद्रा नव्हे. पिंगुळीचे गृहस्थ मराठी वर्तमानपत्र अस्खलित वाचत होते.

येथे एक आक्षेप संभवतो. मध्यस्थाला सर्वत्र दोषी ठरविणे कितपत योग्य? सारंग नसता तर मालवणच्या मुलाला जहाज मिळाले असते काय? सरदार नसता तर नव्या मजुराला पाण्यासाठी कोणता शब्द वापरावा हे कोणी सांगितले असते? हा आक्षेप रास्त आहे. मध्यस्थ हाच नवागताचा पहिला शिक्षक असतो. किंबहुना त्याच्याशिवाय ही स्थलांतरे घडलीच नसती. दोष त्याच्या असण्यात नाही. तो एकटाच असण्यात आहे. गाववाल्यांची खोली, कूड, खलाशांची संघटना, अर्ज लिहून देणारा, वृत्तपत्र यांपैकी दुसरे दार जेथे उघडले, तेथे मध्यस्थाची मक्तेदारी सैल झाली. १९३९ मध्ये महायुद्धाच्या तोंडावर हिंदी खलाशांनी परदेशी बंदरांत काम नाकारून वेतनवाढ मिळविली, तेव्हा त्यांना इंग्रजी अचानक येऊ लागली नव्हती. त्यांच्या वतीने बोलणारी संघटना तेव्हा होती, आणि सारंगावाचून बोलण्याची वाट त्यांना मिळाली होती.

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा. परभाषेचे अज्ञान हे दक्षिण कोकणच्या श्रमिकाला काम मिळण्याच्या आड क्वचितच आले. उलट काही प्रसंगी त्या अज्ञानामुळेच तो मालकाला हवासा झाला. कारण न विचारणारा माणूस स्वस्त असतो. त्याने कामाची भाषा शिकून घेतली, सोबतीची भाषा शिकून घेतली, आणि प्रसंगी दोन्हींच्या घडणीत भर घातली. जी भाषा त्याच्यापासून दूर राहिली ती लेखाची. आणि त्याचा पगार, त्याची तक्रार, त्याचे नाव ही तिन्ही नेमकी तिच्यातच नोंदली गेली. ‘त्याला भाषा येत नव्हती’ असे म्हणून हा इतिहास बंद करणे हे सोयीचे आहे, पण खरे नाही. त्याला भाषा येत होती. कागद त्याच्या भाषेत नव्हता.

पिंगुळीचा चित्रकथी एक चित्र हाती घेतो तेव्हा ते श्रोत्यांकडे तोंड करून धरतो. पाहणाऱ्याला चित्र दिसते, अर्थ गाणाऱ्याच्या तोंडून कळतो. गाणारा आपलाच असेल व समोर चार जाणते बसलेले असतील, तर अर्थ बिघडत नाही. परमुलखातील श्रमिकापुढे जो कागद धरला गेला, त्याचा अर्थ सांगणारा एकच होता आणि चूक काढणारा जाणता समोर कोणी नव्हता. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेल्यावर, ज्या घरांतून कोणी जहाजावर, मॉरिशसला अथवा आखातात गेले, त्या घरांतील जुने कागद पाहावेत, त्यांवरील नावे व शब्द टिपून घ्यावेत. आणि टिपून झाल्यावर तो कागद त्या घरातील माणसांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवावा. संशोधनासाठी टिपणे गोळा करणे हे जितके आवश्यक, तितकेच हेही आवश्यक आहे. आणि काही घरांपुरते ते अधिक निकडीचे असू शकेल.